हिस्सा आकाशातला, उधारी जमिनीवरची

विमान कंपनी बंद पडली की बातमी तोट्याची येते. पण कंपनी नुसत्या तोट्याने थांबत नाही. तो भरून काढणारा कोणी मागे उभा असेल तर ती वर्षानुवर्षे उडत राहते. सरकारी एअर इंडियाने हे करून दाखवले. खासगी कंपनी थांबते ती हातातली रोकड संपल्यावर. आणि ही रोकड संपण्याची तऱ्हा गेल्या तीस वर्षांत फारशी बदललेली नाही.

1953 च्या कायद्याने देशातल्या आठ कंपन्यांची अंतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. पुढची जवळजवळ चार दशके नियमित सेवेत खासगी कंपनीला जागा नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘एअर टॅक्सी’च्या, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाविनाच्या सेवेच्या, परवान्यावर ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट आणि सहारा उतरल्या. 1994 मध्ये जुना कायदा रद्द झाला. 1997 संपेपर्यंत या पाचांपैकी फक्त जेट आणि सहारा उरल्या होत्या. बाकीच्यांकडे विमाने थोडी होती आणि तीही भाड्याची. भांडवल तुटपुंजे होते. शिवाय 1994 च्या मार्गवाटप नियमाप्रमाणे महानगरांमधल्या 12 मुख्य मार्गांवर जितकी क्षमता लावाल, तिच्या किमान 10 टक्के ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान अशा मार्गांवर आणि 50 टक्के इतर मार्गांवर लावावी लागे. चार विमानांच्या कंपनीला हे गणित जमवताना नाकी नऊ येत. मोदीलुफ्तचा परवाना मात्र वाया गेला नाही. 2005 मध्ये त्याच कंपनीचे नाव बदलून स्पाइसजेट सुरू झाली.

दुसरी लाट 2003 च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कनने आणली. कॅप्टन गोपीनाथ यांनी सुरुवात पंख्याच्या लहान एटीआर विमानांनी केली, त्यामागे हिशेब होता. 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानाला सरकारी विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ झाले आणि त्याच्या इंधनावरचा विक्रीकर 4 टक्क्यांवर आला. जेट विमानाच्या इंधनावर हाच कर अनेक राज्यांत 25 टक्के किंवा त्याहूनही जास्त होता. मुंबई-पुण्यात तो 25 टक्के होता. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात 18 झाला. हवाई इंधन आजही जीएसटीबाहेर आहे, म्हणजे त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. एअरबसचे ए-320 विमान तासाला साधारण अडीच टन इंधन पिते. कच्चे तेल महागले की एकूण खर्चात इंधनाचा वाटा 40 टक्क्यांवर जातो.

2005 आणि 2006 मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो पाठोपाठ आल्या आणि एक रुपयाच्या तिकिटांचे युग सुरू झाले. तिकीट आगाऊ विकले की पैसे आज येतात, इंधन नंतर जळते. त्यामुळे भाडे पाडून बाजारातला हिस्सा वाढवला की काही महिने तिजोरी भरलेली दिसते. ही रक्कम खरे तर प्रवाशांची उधारी असते.

या गर्दीत इंडिगोने जे केले ते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढे सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली. 2005 च्या पॅरिसच्या विमान प्रदर्शनात, एकही विमान उडण्याआधी, या कंपनीने एकदम 100 ए-320 मागवली. एवढ्या घाऊक मागणीवर उत्पादक छापील किमतीत भरघोस सूट देतो. विमान हाती येताच ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला खरेदीपेक्षा जास्त किमतीत विकायचे आणि तिच्याकडूनच पाचसहा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घ्यायचे. मधला फरक रोख हातात पडतो. एअरबसची सांगाड्याची मोठी तपासणी सहा वर्षांनी येते. तिच्या आसपास विमान परत करून नवे आणायचे, म्हणजे ताफा कायम तरुण राहतो आणि देखभाल स्वस्त पडते. यात मेख एकच. नवी विमाने येत राहिली आणि उडत राहिली तरच हे चाक फिरते. विमान उभे राहिले तरी भाडे चालूच असते, तेही डॉलरमध्ये.

किंगफिशरची गोष्ट विलासी राहणीची म्हणून सांगितली जाते. मला त्याहून महत्त्वाचा आकडा आसनांचा वाटतो. तिच्या ए-320 मध्ये 134 आसने होती, इंडिगोच्या त्याच विमानात 180. इंधन जवळपास तेवढेच, उतरण्याचे शुल्क तेवढेच आणि तिकिटे 46 कमी. त्यात परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि 20 विमाने लागत. पाच वर्षे थांबण्यापेक्षा 2007 मध्ये एअर डेक्कनचा हिस्सा विकत घेणे तिला सोपे वाटले. त्याच वर्षी जेटने 1,450 कोटींना सहारा घेतली आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्सचे विलीनीकरण केले. एका वर्षात असे तीन व्यवहार झाले, आणि जुलै 2008 मध्ये कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरवर गेले. तिन्ही व्यवहार करणाऱ्याच्या गळ्यात धोंडा होऊन पडले. ऑक्टोबर 2008 मध्ये जेटने शेकडो कर्मचाऱ्यांना काढले, मुंबईत गहजब झाला, राजकीय पक्ष मध्ये पडले आणि दोन दिवसांत सगळ्यांना परत बोलवावे लागले.

शेवटचा उतार कसा असतो? आधी तेल कंपन्या उधारी बंद करतात आणि रोज सकाळी रोख भरल्याशिवाय टँकर हलत नाही. मग विमानतळाचे शुल्क थकते. पगार उशिरा होऊ लागतात आणि वैमानिक दुसरीकडे वळतात. पगारातून कापलेला आयकर सरकारजमा होत नाही. सुट्या भागांना पैसे नसतात, म्हणून उभ्या विमानाचे भाग काढून उडत्याला बसवले जातात. त्यामुळे उभे विमान उभेच राहते, भाडे मात्र वाढत जाते. शेवटी भाड्याने देणारे विमाने परत मागतात. किंगफिशर या सगळ्या पायऱ्या उतरली. 2011 मध्ये बँकांनी तिच्या कर्जाचे शेअर करून घेतले, तेही बाजारभावापेक्षा सुमारे 60 टक्के चढ्या दराने. त्याच वर्षी रुपया डॉलरमागे 44 वरून 53 पर्यंत घसरला. परदेशी विमान कंपन्यांना 49 टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची मुभा सप्टेंबर 2012 मध्ये मिळाली. किंगफिशरचा परवाना पुढच्याच महिन्यात निलंबित झाला. विलेपार्ल्याचे किंगफिशर हाउस 2016 मध्ये 150 कोटींच्या राखीव किमतीला लिलावात आले आणि 2021 मध्ये 52 कोटींना गेले.

स्पाइसजेट याच उतारावरून परत फिरली. 17 डिसेंबर 2014 ला तिला तेल मिळेना आणि काही तास विमाने जागच्या जागी उभी राहिली. जानेवारीत जुने प्रवर्तक अजय सिंह परतले. त्यांच्या पैशाइतकीच मदत कच्च्या तेलाने केली, कारण सहा महिन्यांत त्याचा भाव निम्म्यावर आला होता.

जेटला 2013 मध्ये अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने 24 टक्के हिस्सा घेऊन सावरले, पण सहा वर्षांपुरतेच. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान तिचे शेवटचे ठरले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि तासाला 46 च्या आसपास विमानेच हाताळली जातात. इथली वेळ, म्हणजे स्लॉट, विमानापेक्षा मोलाची. जेटचे स्लॉट सरकारने तात्पुरते म्हणून इतरांना वाटले, तिची बोइंग विमाने स्पाइसजेट आणि विस्ताराने घेतली. ज्याच्या जोरावर कोणी जेट पुन्हा उभी करणार, तेच वाटले गेले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी बंद करण्याचा, आदेश दिला.

गो फर्स्ट (पूर्वीची गोएअर) उलट बाजूने अडकली. तिच्या सगळ्या ए-320 निओ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीचीच इंजिने होती. या इंजिनांचे दहनकक्ष आणि टर्बाइनची पाती अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होऊ लागली. इंडिगोनेही तीच इंजिने घेतली होती, पण 2019 मध्ये नव्या विमानांसाठी तिने सीएफएम या दुसऱ्या उत्पादकाची निवडली. गो फर्स्टला हा पर्याय परवडला नाही, आणि मे 2023 मध्ये तिने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा 54 विमानांपैकी जवळपास निम्मी उभी होती. जेटच्या वेळी भाड्याने देणाऱ्यांनी विमाने आधीच नेली होती. इथे अर्ज मंजूर होताच वसुलीला स्थगिती मिळाली आणि विमाने जागीच अडकली. भाडे थकले की विमान परत घेण्याचा हक्क मालकाला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय केपटाउन कराराचा भारत 2008 पासून सदस्य होता, तरी देशातला दिवाळखोरी कायदा त्याला भारी पडला. ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेने विमाने स्थगितीतून वगळली, एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला आणि 2025 मध्ये वेगळा कायदाच झाला. मधल्या वर्षभरात जगभरच्या भाडे कंपन्यांनी भारताचा धोका चढा धरला, त्याचा भुर्दंड इतर भारतीय कंपन्यांनाही बसला.

या सगळ्या पडझडीचा हिस्सा वेचत इंडिगो 60 टक्क्यांच्या पुढे गेली. जानेवारी 2022 मध्ये टाटांनी एअर इंडिया ताब्यात घेतली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा तिच्यात विलीन केली. ऑगस्ट 2022 मध्ये आलेली आकासा आणि दुबळी झालेली स्पाइसजेट यांच्याकडे उरलेला छोटा तुकडा आहे. 2025 च्या डिसेंबरमध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरेसे वैमानिक नसल्याने इंडिगोने हजारो उड्डाणे रद्द केली. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली होती आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली होती. इतर कंपन्यांकडे ती गर्दी उचलायला विमानेच नव्हती. भाडी चढली, तेव्हा सरकारने कमाल भाडे ठरवून दिले: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 किलोमीटरच्या पुढे 18,000. इंडिगोला मात्र काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली.