बेल हाउसिंगखालचा थेंब: टॅपेट कव्हरचं पॅकिंग की क्रँकचं ऑइल सील?

डिझेल पिकअपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे बोल्टनं जोडलेले असतात, ती बेल हाउसिंगची खालची कड म्हणजे अख्ख्या इंजिनाची मोरी. वर कुठेही तेल सुटलं तरी बाहेर पडतं ते बहुधा इथूनच. त्यामुळे वाशीच्या एपीएमसीत माल उतरवताना गाडीखाली या जागी काळे थेंब दिसले की निदान ठरलेलं असतं: क्रँकचं मागचं सील (तेल अडवणारी कडी) गेलं, गिअरबॉक्स उतरवा.

सील गेलेलं असूही शकतं. पण याच जागी तेल पाडणारा दुसरा गुन्हेगार इंजिनाच्या माथ्यावर बसलेला असतो: टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा मागचा कोपरा. त्याचं काम वरूनच, गाडीखाली न शिरता, दोनेक तासांत होतं. सीलसाठी मात्र प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि फ्लायव्हील एवढं सगळं काढावं लागतं, आणि गाडीचे एक-दोन दिवसांचे फेरे बुडतात. खर्चात इतकं अंतर असताना वरचा कोपरा टॉर्च लावून बघितल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नये.

वरचं तेल खाली येतं कसं

पिकअपचं इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूला किंचित कललेलं. टॅपेट कव्हरखाली साचलेलं तेल त्यामुळे मागच्या कोपऱ्याकडे सरकतं. तिथलं रबर पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक आणि चपटं झालेलं असतं, तेल त्यातून पाझरतं. हेडची (इंजिनाच्या वरच्या भागाची) मागची भिंत आणि केबिनचा पत्रा यांत हात जेमतेम जाईल एवढीच फट असते, म्हणून तो ओघळ वरून दिसत नाही. तो ब्लॉकवरून बेल हाउसिंगच्या वरच्या कडेवर उतरतो, कडेकडेनं गोल फिरत तळाशी येतो आणि तिथे टपकतो. चालत्या गाडीत पंख्याचा आणि समोरचा वारा उरलंसुरलं तेलही मागेच ढकलतो.

क्रँकचं सील या कडेच्या आत असतं. क्रँकशाफ्ट ब्लॉकमधून बाहेर येऊन फ्लायव्हीलला जिथे जोडला जातो, तिथे त्याच्या गळ्याभोवती ही कडी बसते. ती फाटली किंवा झिजली की तेल बेल हाउसिंगच्या पोटात पडतं, फ्लायव्हील ते आतल्या भिंतींवर गोल उडवतं, आणि तळाच्या निचऱ्याच्या भोकातून किंवा खालच्या पत्र्याच्या कडेनं ते बाहेर येतं.

म्हणजे थेंबाची जागा एकच. ओल बेल हाउसिंगच्या बाहेरून आली की आतून, एवढंच शोधायचं.

आधी तेल कुठलं ते बघा

पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा रात्री गाडीखाली ठेवा. डिझेल इंजिनाचं तेल काजळीमुळे बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. पेट्रोल गाडीपेक्षा इथे ओळख सोपी आहे. पुठ्ठ्यावर मधासारखा पिवळट, घट्ट आणि उग्र वासाचा डाग असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. लालसर, पातळ डाग पॉवर स्टीअरिंगचा. पाण्यासारखं पातळ, रंग खाऊन टाकणारं द्रव म्हणजे क्लच सिलिंडरमधला ब्रेक फ्लुइड. आणि पुठ्ठ्यावर झपाट्यानं पसरून डिझेलचा वास देणारा डाग इंजेक्टरच्या रिटर्न पाइपचा असतो. ते काम आगीच्या भीतीपायी सगळ्यांच्या आधी करायचं.

काळा डाग निघाला, तरच पुढे या दोघांत निवड करायची.

दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर

टॅपेट कव्हर गळत असेल तेव्हा बेल हाउसिंगची वरची कड आणि ब्लॉकची मागची भिंत ओली असते. बोटाला चिकट, धूळ बसलेलं तेल लागतं. ओघळ एक्झॉस्टच्या बाजूनं उतरत असेल तर सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास केबिनमध्ये येतो आणि बॉनेटखालून हलका निळसर धूर दिसतो. क्लचला काहीही होत नाही.

सील गेलं असेल तर वरची कड कोरडी आणि तळ ओला. क्लच फोर्कचं रबरी बूट बाजूला सारून आत टॉर्च मारली, किंवा मोबाइलला जोडायचा तपासणी कॅमेरा आत घातला, तर भिंतींवर तेलाचे गोल फटकारे दिसतात. क्लच सोडताना गाडी थरथरणं, लोड घेऊन उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही असं होणं, ही तेल क्लच प्लेटपर्यंत पोचल्याची खूण. अर्थात प्लेट नुसती झिजली तरी असंच होतं, म्हणून एकट्या या लक्षणावर सीलला दोषी धरू नये.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: थेंब कधी पडतो? सपाट जागी इंजिन बंद असताना चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) तेलाची पातळी बहुतेक इंजिनांत क्रँकच्या सीलच्या खालीच असते, आणि टॅपेट कव्हरखालचं तेलही निथळून चेंबरमध्ये गेलेलं असतं. त्यामुळे या दोन्ही गळती गाडी चालताना होतात, उभी केल्यावर थोडा वेळ टपकतात आणि थांबतात. रात्रभर एकाच लयीत थेंब पडत राहिले तर हे दोघेही बहुधा निर्दोष. तेव्हा चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचं वॉशर तपासा. तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. मिनिटाला एक थेंब धरला तर आठ तासांत २४ मिलिलिटर. जमिनीवर डाग भयंकर दिसतो, पण डिपस्टिकवर तो मुश्किलीनं कळतो. उलट चालत्या गाडीतून हवेत उडणारं तेल जमिनीवर दिसतच नाही आणि पातळी मात्र खाली जाते. म्हणून डागाच्या आकारापेक्षा डिपस्टिकवर भरवसा ठेवावा.

मच्छी वाहणाऱ्या गाड्यांत तिसराही एक संशयित असतो. ससून डॉकवरून निघालेल्या गाडीच्या हौद्यातून मिठाचं पाणी सतत ठिबकतं, ते चॅसिस आणि खालचे पत्र्याचे भाग खातं. चेंबर पत्र्याचा असेल तर रंगाचे फुगे आलेत का, हे बोटानं चाचपून बघा. कुजलेल्या चेंबरला नवं पॅकिंग लावून उपयोग नाही.

धुऊन, पावडर मारून बघणं

जुन्या चिकट थरात नवी गळती ओळखता येत नाही, हे निदान चुकण्याचं सर्वांत मोठं कारण. इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि वायरिंगचे कपलर प्लास्टिकनं झाका, डिग्रीझर आणि ब्रशनं हेडची मागची बाजू, ब्लॉक आणि बेल हाउसिंग साफ करा. प्रेशर वॉशरचा फवारा सेन्सरवर धरू नका. पूर्ण सुकल्यावर त्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन १५ मिनिटं जागेवर चालवून बघा, मग २०-३० किलोमीटर फेरी मारून पुन्हा बघा. कोरड्या पावडरवर तेलाची रेघ उमटते. ती वर वर शोधत न्यायची. सर्वांत उंचावरची ओली जागा हेच गळतीचं मूळ.

रेघ टॅपेट कव्हरपर्यंत गेली नाही तर वाटेतले इतर जोड बघा: ऑइल प्रेशर स्विच, टर्बोचा तेल परतीचा पाइप, आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. हा पंप काही इंजिनांत अल्टरनेटरच्या पाठीवर असतो, काहींत हेडच्या टोकाला. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर ऑइल फिल्टरही बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, तर धो धो गळतं.

जून ते सप्टेंबर ही तपासणी फसते. पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी गेली की खालचा भाग धुतला जातो आणि गळती बंद झाल्यासारखी वाटते. पावसाळ्यात हे काम दिवसभर कोरड्यात उभ्या असलेल्या गाडीवरच करा.

दोघांचं समान कारण: ब्रीदर

पॅकिंग असो वा सील, बदलण्याआधी ब्रीदर तपासलाच पाहिजे. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस क्रँककेसमध्ये उतरतच असतो. ब्रीदर पाइप त्याला वाट देतो. ती वाट काजळी आणि चिकट्यानं तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर येतं. अशा इंजिनाला नवं सील बसवलं तर तेही काही दिवसांत गळतं, आणि दोष सीलच्या कंपनीवर जातो.

गरम इंजिन जागेवर चालू ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा. हलकी धडधड आणि पुसट वाफ ठीक. झाकण उडायला लागलं, धुराचे झोत आले, तर ब्रीदरचा पाइप काढून साफ करा आणि पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर रिंगा झिजल्यात; तो खर्च वेगळा आणि मोठा.

तेलाची पातळी वरच्या खुणेच्या वर असणं हेही गळतीचं कारण आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाड्यांत हे नकळत घडतं. सायन ते दादर अशा रांगत्या ट्रॅफिकमध्ये फिल्टर साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते, आणि त्यासाठी सिलिंडरमध्ये जादा सोडलेलं डिझेल ज्या इंजिनांत तेलात उतरतं, तिथे डिपस्टिकवरची पातळी वाढते आणि तेल पातळ होतं. न भरता वाढलेली पातळी आणि डिपस्टिकला डिझेलचा वास, असं असेल तर आधी तेल बदला, मग गळती बघा.

टॅपेट कव्हरचं काम

इंजिन पूर्ण थंड हवं. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल मिळतं) हाय प्रेशर पाइप नुकत्याच बंद केलेल्या गाडीवर कधीही सोडू नयेत. चालू इंजिनात तिथला दाब लोडवर हजार बारच्याही वर जातो. ज्या इंजिनांत इंजेक्टर कव्हरमधूनच खाली जातात, तिथे इंजेक्टरभोवतीच्या रिंगाही सोबत घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पॅकिंग घेताना इंजिन नंबर आणि जुनं पॅकिंग, दोन्ही सोबत न्या. एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचे भाग सारखे असतील असं धरून चालू नका.

कव्हर काढण्याआधी भोवतालची माती पुसा, नाहीतर ती थेट कॅमशाफ्टवर पडते. अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका; प्लास्टिकची पट्टी आणि ब्रेक क्लीनर पुरे. हेडच्या मागच्या टोकाला अर्धगोल रबर बूच असेल तर तेही नवं घ्या, कारण पुष्कळदा गळतं ते तेच. सिलिकॉन सीलंट फक्त कोपऱ्यांत आणि बुचाच्या सांध्यावर, २-३ मिलिमीटरच्या रेघेएवढा. पॅकिंगभर थापलेला सीलंट आतल्या बाजूला सुटतो, चेंबरमध्ये पडतो आणि तेलाच्या पंपाची जाळी बुजवतो.

बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून आवळायचे. बहुतेक इंजिनांत हे बारीक ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. गळतंय म्हणून आणखी आवळलं की कव्हर वाकतं, रबर चिरडतं, कधी हेडमधली आटीच निघते. सीलंटच्या डबीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळा. गाडी रात्रभर उभी ठेवता आली तर उत्तम.

सीलचं काम

फ्लायव्हील काढल्यावर आधी ओल नेमकी कुठून आहे ते पुन्हा बघा. सीलची ओठाची कड कोरडी असून तिच्या वरून तेल येत असेल तर ऑइल गॅलरीचा (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचा) प्लग किंवा सील धरणाऱ्या प्लेटचं पॅकिंग गळत असतं.

क्रँकच्या गळ्यावर नखाला लागेल असा चर पडला असेल तर नवं सील त्याच जागी टिकत नाही. मिळत असेल तर पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवावी, किंवा जागा असल्यास सील एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावं. स्प्रिंग असलेल्या रबरी सीलच्या ओठाला तेल लावून बसवतात. पीटीएफई (टेफ्लॉन) सील मात्र कोरडंच, सोबत आलेल्या प्लास्टिकच्या कडीवरून सरकवायचं. त्याला तेल लावणं ही गॅरेजातली नेहमीची चूक. हातोडीनं एका बाजूला ठोकलेलं सील तिरकं बसतं आणि पहिल्याच दिवशी गळतं.

क्रँक पुढे-मागे किती सरकतो, तेही डायल गेजनं मोजून घ्या. ट्रॅफिकमध्ये क्लचवर सतत पाय ठेवून चालवलेल्या गाडीत क्रँकची ही सरक रोखणारे थ्रस्ट वॉशर झिजतात. सरक मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सील वारंवार जाणार. गिअरबॉक्स खाली आहेच, तर रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सीलही बदलून टाका. तेलात भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलनं धुऊन पुन्हा लावण्याचा मोह टाळा. अस्तरात मुरलेलं तेल गरम झाल्यावर परत वर येतं.

दरम्यान गाडी चालवायची असेल

वरच्या पॅकिंगची नुसती ओल असेल तर आठवड्यातून दोनदा डिपस्टिक बघत गाडी चालवता येते, मात्र तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर पडत असेल तर नाही. सीलची गळती क्लच घसरेपर्यंत ओढली तर प्लेटचा खर्च वाढतो. गळती थांबवण्याचं औषध कडक झालेल्या रबराला थोडं फुगवतं. फाटलेल्या पॅकिंगवर आणि पीटीएफई सीलवर त्याचा परिणाम नाही. डीपीएफच्या गाडीत ते टाकूच नका, आणि गळतं म्हणून जाड ग्रेडचं तेलही भरू नका. वर भरायचं ते कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचंच हवं, नाहीतर फिल्टर तुंबतो. काढलेलं काळं तेल गटारात ओतू नये. वापरलेलं तेल नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडेच द्यायचं.