दुसऱ्या दांडीची पार्श्वभूमी: पार्टटाइम फोर बाय फोर, लांबचा प्रवास आणि मागचा ट्रेलर

विलीज एमबी जीप १९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी बनू लागली. तिच्या डॅशबोर्डवर गिअरच्या आकृतीची एक धातूची पट्टी होती आणि तिच्यावर सक्त सूचना होती: कोरड्या, कडक रस्त्यावर पुढच्या ॲक्सलचा ड्राइव्ह काढून ठेवा. आज थार, जिम्नी किंवा व्ही-क्रॉस अशी पार्टटाइम फोर बाय फोर गाडी (एरवी मागच्या दोन चाकांवर चालणारी, हवं तेव्हा पुढची चाकंही इंजिनाला जोडता येणारी) घेऊन निघणाऱ्याने पाळायचा मुख्य नियम अजून हाच आहे. काही गाड्यांत ही जोडणी करणारी, मुख्य गिअरशेजारची दुसरी दांडी जाऊन गोल खटका आला, पण खालच्या डब्यातली रचना मूळ धरून आहे.

त्या जीपमध्ये स्पायसर कंपनीची ट्रान्स्फर केस होती, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारा डबा. मुख्य गिअरच्या शेजारी दोन आखूड दांड्या, एक पुढचा ॲक्सल जोडायला आणि दुसरी हाय-लो करायला, म्हणजे नेहमीचा वेग की कमी वेग आणि जास्त जोर हे निवडायला. आजच्या दांडीवर 2H म्हणजे फक्त मागची चाकं, 4H म्हणजे चारही चाकं आणि 4L म्हणजे चारही चाकं लो गिअरमध्ये. पुढचा ॲक्सल जोडला की पुढचा आणि मागचा शाफ्ट दातांनी एकमेकांत अडकतात आणि एकाच वेगाने फिरतात. मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नाही. १९४० मध्ये सैन्याला हलकी, साधी आणि घाईने बनवता येईल अशी गाडी हवी होती, आणि चिखलात तर हा अडकलेपणाच उपयोगाचा. उघडं सेंटर डिफरन्शियल असतं तर एक चाक हवेत फिरलं की सगळा जोर तिकडेच निघून गेला असता.

अडचण वळणावर येते. २०२० च्या तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिमी आहे. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळतो असं धरलं, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य सुमारे ५.५७ मीटर त्रिज्येने जातो. काटकोनातल्या एका वळणात मागचा ७.८५ मीटर चालतो आणि पुढचा ८.७५. हा ९० सेंटिमीटरचा फरक कुठेतरी निघायला हवा. वाळू, चिखल, सुटी खडी असेल तर टायर जरासे घसरतात आणि हिशेब मिटतो. डांबरावर टायर घसरत नाहीत, त्यामुळे शाफ्ट, क्रॉस जॉइंट, ॲक्सल आणि ट्रान्स्फरची चेन यांत पीळ साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते, टायर किरकिरतात आणि शेवटी दांडी 4H मध्येच घट्ट बसते. दांडीला हिसके देऊन काही होत नाही, उलट आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून ५ ते १० मीटर मागे यावं, किंवा एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मुरुमावर उतरवावीत. पीळ सुटला की ॲक्सिलरेटर सोडून ओढलेली दांडी अलगद येते.

हा पीळ टाळायचा एक वेगळा प्रयत्न १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरने केला. तिचा पुढचा ड्राइव्ह कायम जोडलेला असे, पण मधे फ्रीव्हील होतं, म्हणजे वळणावर पुढची चाकं मोकळेपणी जास्त पळू शकत. उतारावर मात्र इंजिनाचा अटकाव पुढच्या चाकांपर्यंत पोचत नसे. त्यासाठी फ्रीव्हील लॉक करायची कडी ओढावी लागे. दोनेक वर्षांत कंपनीने ही रचना सोडली आणि ड्रायव्हरने स्वतः जोडायचा ड्राइव्ह घेतला. मागे वजन घेऊन उतरणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे: सुट्या मातीच्या उतारावर चारही चाकांनी इंजिनचा अटकाव घेणं हा पार्टटाइम रचनेचा खरा गुण आहे. सेंटर डिफरन्शियल आणि त्याला लॉक अशी जोडी १९७० च्या रेंज रोव्हरने आणली. ती गाडी डांबरावरही चारही चाकांवर चालते, पण तो वेगळा पंथ. आपल्या गाडीत सेंटर डिफरन्शियल आहे की नाही हे हँडबुकमध्ये पाहिल्याशिवाय इतरांचे सल्ले घेऊ नयेत, कारण दोन्ही पंथांच्या सवयी उलट्या आहेत.

१९४८ मध्येच आर्थर वॉर्न यांनी सिएटलमध्ये युद्धातून उरलेल्या जीपांसाठी लॉकिंग हब, म्हणजे पुढचं चाक त्याच्या ॲक्सलला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे खटके, बनवायला सुरुवात केली. मूळ जीपमध्ये ड्राइव्ह काढला तरी पुढची चाकं आपले ॲक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट फुकट फिरवत राहायची. हब फ्री केलं की चाक तेवढं फिरतं, बाकी सगळं शांत. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीमुळे हे हब अनेकांच्या परिचयाचे झाले. खाली उतरून दोन्ही चाकांवरचा खटका फ्रीवरून लॉकवर फिरवायचा. एकच फिरवला आणि दुसरा राहिला, तर दांडी 4H मध्ये असूनही पुढचा सगळा जोर डिफरन्शियलमधून फ्री बाजूकडे वाया जातो. चिखलात रुतल्यावर हात घालून हब फिरवणं त्रासाचं असतं, म्हणून डांबर संपतं तिथेच हे काम उरकावं.

महाराष्ट्रात जीप म्हटलं की वडाप डोळ्यासमोर येतं. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली खरी, पण पुढे रस्त्यावर धावलेल्या कमांडर आणि मार्शल बहुतांशी टू व्हील ड्राइव्ह होत्या. त्यामुळे जीप चालवलेल्या कितीतरी हातांनी दुसरी दांडी कधी धरलीच नाही, आणि फोर बाय फोर म्हणजे डांबरी घाटातही जास्त पकड, हा समज पक्का झाला. कोरड्या घाटात 2H मध्ये खालचा गिअर हाच योग्य मार्ग. हेअरपिन वळणांच्या डांबरावर 4L टाकून उतरणं म्हणजे प्रत्येक वळणाला पीळ भरणं.

आता ट्रेलर. जीपसोबत पाव टनी ट्रेलर युद्धातच आला. जीपचा पहिला नमुना बनवणाऱ्या बॅन्टम कंपनीच्या हातून गाडीचं मोठं काम गेलं आणि ती हे ट्रेलर बनवू लागली. चढावर ट्रेलरसह सुटताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, मागच्यांवर सगळा भार येतो. ओल्या गवतावर किंवा खडीच्या चढावर मागची चाकं फिरण्याआधीच 4H जोडावं. फिरत्या चाकांवर जोडलं तर दातांना दणका बसतो. हुकवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के ठेवावा.

ट्रेलरसोबत टायरचा हिशेबही कडक होतो. ७६० मिमी व्यासाचा नवा टायर पुढे आणि ५ मिमी झिजलेला मागे असेल, तर घेरात १.३ टक्के फरक पडतो: सरळ रस्त्यावरही किलोमीटरला १३ मीटर. मागची हवा कमी असेल तर त्यात भर. म्हणून पार्टटाइम गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे असावेत आणि हवा भारानुसार हँडबुकप्रमाणे भरावी.

ट्रेलर डांबरावर किंवा काँक्रीटवर हळू मागे न्यायचा असेल तर 4L चा मोह होतो, कारण हाय रिव्हर्समध्ये क्लच जळतो. पण तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागतं, म्हणजे पीळ सर्वांत जास्त. मॅन्युअल हब असलेल्या गाड्यांत जुनी युक्ती चालते: हब फ्री, दांडी 4L. लो गिअर मिळतो, पुढचा ॲक्सल सुटा राहतो. मात्र लो गिअरचा सगळा जोर मागच्या ॲक्सलवर येतो. विलीजच्या केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडूच नये अशी अडकण यासाठीच होती. त्यामुळे ही युक्ती चालण्याच्या वेगाने, थोड्या अंतरापुरती, धक्का न देता वापरावी.

सर्वांत जपायची जागा म्हणजे ट्रेलरवरची होडी पाण्यात उतरवायचा उतार. थारच्या दांडीवर 4H आणि 4L च्या मधे N आहे. त्या N मध्ये इंजिन चाकांपासून पूर्ण तुटतं. मुख्य गिअर पहिल्यात असो की ऑटोमॅटिक P मध्ये, गाडी घरंगळू शकते. 4L टाकायचं काम वर सपाटीवर करावं: गाडी थांबवून, क्लच दाबून किंवा ऑटोमॅटिक न्यूट्रलला घेऊन, पाय ब्रेकवर ठेवून. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांवरच चालतो आणि उतारावर तीच शेवाळावर असतात. 4L मध्ये शाफ्ट एकमेकांत अडकलेले असल्यामुळे वरच्या कोरड्या भागावरची पुढची चाकंही गाडी धरतात. म्हणून होडी सुटेपर्यंत दांडी 4L मध्येच ठेवावी, चाकांमागे लाकडी ठोकळे लावावेत, आणि 2H वर यायचं ते ट्रेलर वर सपाटीवर आल्यावर.