पाटे मऊ पडत नाहीत

जुन्या जीपचा मालक गॅरेजात एका दमात दोन तक्रारी सांगतो. गाडी एका बाजूला बसलीय, आणि फार आदळते. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. पाटेवाला खाली वाकतो, पान्याने दोन ठिकाणी टकटक करतो आणि निदान सांगून मोकळा होतो, "मऊ पडलेत, साहेब." माझ्या जीपच्या वेळी मीही मान डोलावली होती. घरी येताना एका खड्ड्यात कंबर दणाणली तेव्हा प्रश्न पडला, मऊ पडलेत तर आदळतात कशाला?

जीप आणि पाटे यांचं नातं जुनं आहे. विलीजची जीप दुसऱ्या महायुद्धात गाजली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. तेव्हापासून पुढची कित्येक दशकं पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर कमानपाटेच राहिले. २०१० साली आलेल्या थारच्या वरच्या प्रकारात पुढच्या चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, मिळाले, पण मागे पाटेच होते. २०२० च्या थारमध्ये मागेही गुंडाळलेल्या कॉइल स्प्रिंगा आल्या. तरी अजून रस्त्यावर असलेल्या जुन्या जिपा आणि हायवेच्या कडेला गंजक्या पाट्यांचे ढीग मांडून बसलेली दुकानं पाहिली, तर हा विषय इतक्यात संपणारा नाही.

स्प्रिंगवर जितकं वजन, तितकी ती दबते. वजन दुप्पट केलं की दबणंही दुप्पट. रॉबर्ट हूकने हा नियम १६७८ मध्ये उघडपणे मांडला. त्याआधी दोन वर्षं तो त्याने अक्षरांच्या कोड्यात लपवून ठेवला होता, दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून. एका किलोला पाटा किती दबेल हे दोन गोष्टींवर ठरतं : पाट्याचा आकार आणि पोलादाचा लवचिकता गुणांक, म्हणजे ते वाकायला किती विरोध करतं त्याचं माप. हा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो, आणि गंमत अशी की साध्या लोखंडी पट्टीचा आणि महागड्या स्प्रिंगच्या पोलादाचा तो जवळपास सारखाच असतो. एकाच मापाच्या दोन्ही पट्ट्यांवर थोडं वजन ठेवलं तर दोन्ही सारख्याच वाकतील. फरक पुढे दिसतो. वजन वाढवत नेलं की साधी पट्टी लवकर हार मानते आणि वाकडीच राहते. स्प्रिंगची पट्टी कितीतरी पुढे जाऊन परत येते. पाण्यात-तेलात विझवणं, पुन्हा तापवणं, सिलिकॉन-मँगेनीज मिसळणं, हा सगळा खटाटोप त्या परत येण्यासाठी असतो. कडकपणासाठी, म्हणजे कमी दबण्यासाठी, नव्हे.

म्हणजे वीस वर्षांत पोलाद थकून "मऊ" होत नाही. मग पाटे बसतात म्हणजे काय होतं? पोलादाच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत जागोजागी चुका असतात. मोठी सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती ढकलत नेली की सतरंजी बोटभर सरकते. अणूंच्या रांगांतल्या चुकाही अशाच सरकतात. ओव्हरलोड करून खड्ड्यात गाडी घातली, किंवा भरलेली ट्रॉली महिनोन्महिने मागे लावली, की दरवेळी थोडं सरकतं आणि ते परत येत नाही. पाट्याची मूळ कमान उतरते. कडकपणा तोच राहतो, फक्त सुरुवातच खालून होते.

हे घरी तपासता येतं. सपाट फरशीवर गाडी उभी करून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. मागे चार मित्र बसवा, पुन्हा मोजा. बसलेल्या पाट्याची गाडी नव्या पाट्याच्या गाडीइतकीच खाली गेली पाहिजे. माझ्या जीपच्या बाबतीत ती उलट कमी गेली! तेव्हा गंजाचा हिशोब ध्यानात आला.

पाटे एकावर एक रचलेले असतात ते एकमेकांवरून घसरावेत म्हणून. ६ मिलिमीटरचे पाच पाटे सुटे वाकतात; त्याऐवजी ३० मिलिमीटरचा एकच ठोकळा असता तर तो पंचवीसपट कडक झाला असता, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. शंभर पानी वही हातात सहज वाकते, पण पानांच्या कडा डिंकाने चिकटवून पाहा. गंज हा तो डिंक. पाट्यांमध्ये तो साचला की लहान खडबडीवर घर्षण सुटतच नाही आणि जीप जवळपास ठोकळ्यावर चालते. मोठ्या खड्ड्यात घर्षण सुटतं खरं, पण गाडी आधीच खाली बसलेली असल्याने अ‍ॅक्सल लगेच चॅसिसखालच्या रबरावर आपटतो. दोन तक्रारींची दोन कारणं, आणि त्यांपैकी एकही "मऊ" नाही. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा : गंजून ७ मिलिमीटरचा पाटा साडेसहाचा झाला तर तोच घन उलटा फिरतो आणि पाटा वीस टक्के कमी कडक होतो.

आता उपाय. पहिला सगळ्यांच्या तोंडी असतो : एक जास्तीचा पाटा टाका. पाचाचे सहा केले की कडकपणा वीस टक्के वाढतो आणि गाडी वर येते, पण आदळणंही वाढतं. उभ्या गाडीच्या वजनाने पाटा किती सेंटिमीटर दबलाय, त्याच्या वर्गमूळाने पाचाला भागलं की गाडी सेकंदाला किती वेळा डोलेल ते साधारण कळतं. नऊ सेंटिमीटरला दीडपेक्षा थोडं जास्त येतं, ते अंगाला मानवतं. चार सेंटिमीटरला अडीच. चहाचा थर्मासही उडतो.

दुसरा उपाय म्हणजे पाटे ठोकून घेणे. हा स्वस्त, आणि मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण तो का टिकत नाही यात खरं विज्ञान आहे. गाडीखाली पाट्याची वाटी वर तोंड करून असते; वजन आलं की ती सपाट होऊ पाहते आणि वरचा पृष्ठभाग ताणला जातो. कारखान्यात पाट्याला मुद्दाम जास्त कमान देतात आणि मग प्रेसखाली तो एकदा जोरात दाबून बसवून घेतात. वरची साल कायमची थोडी ताणली जाते, आतला गाभा मात्र परत येऊ पाहतो आणि त्या सालीला दाबून धरतो. म्हणजे रस्त्यावरच्या ताणाला आधी हा दाब संपवावा लागतो. पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात तोही याच दाबासाठी, कारण तडा बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या गंजखड्ड्यातून सुरू होतो.

हातोड्याने कमान चढवली की हे सगळं उलटं होतं. वाक विरुद्ध दिशेने दिल्यामुळे वरच्या सालीत दाबाऐवजी ताण उरतो. शिवाय एका दिशेने वाकवलेला धातू उलट्या दिशेला लवकर हार मानतो, हे बाउशिंगर या जर्मन अभियंत्याने १८८० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणून ठोकलेले पाटे पहिल्या दिवशी रुबाबात उभे असतात आणि पावसाळा संपेपर्यंत पुन्हा जागेवर. काही जण गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवतात. ते तर नकोच. विझवून-तापवून कमावलेली रचना मोडते आणि तो पाटा साध्या लोखंडासारखा होतो. "मऊ" हा शब्द फक्त इथे शोभतो.

मी नवे घेतले, दोन्ही बाजूंचे जोडीने. काम अवजड आहे, अवघड नाही. वजन चॅसिसखालच्या भक्कम स्टँडवर द्यायचं, जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा ताणले की जुनेच, ते परत वापरायचे नाहीत. पाट्यांची चळत मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पाटा सपाट झाला की लांब होतो, म्हणून त्याचं एक टोक शॅकल नावाच्या कडीवर झुलतं. तो शॅकल मोकळा आहे ना ते हाताने हलवून बघायचं. आणि ज्यावर सगळ्यात जास्त चुका होतात ते : पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी खाली उतरवून, वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर उभ्या गाडीतही रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाचेकशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले तेव्हा मोजपट्टी लावली. नवे पाटेही थोडे बसतातच, तसे बसले होते. डावी-उजवी जवळपास सारखी आली. उजवी अजून अर्ध्या बोटाने खाली आहे, पण त्या बाजूला मी बसतो.