कायदा आणि नीती

माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे ठरवणाऱ्या दोन व्यवस्था. कायदा राज्यसंस्था करते; तो मोडला तर कैद, दंड किंवा भरपाई भोगावी लागते. नीतीमागे सदसद्विवेक, संस्कार आणि लोकलाज असते. चोरी, खून, फसवणूक दोन्हींना अमान्य आहेत. अभ्यासाला सुरुवात करणाऱ्याने मात्र या दोन वाटा जिथे फुटतात तिथे थांबावे. अवघड प्रश्न तिथेच पडतात.

साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात अपघात झाला, तर जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अपघातातल्या वाहनाच्या चालकावर टाकते. मागून येणाऱ्या तिऱ्हाइतावर तसे बंधन सहसा नाही. तो न थांबता निघून गेला तर गुन्हेगार ठरत नाही, पण त्याला भला माणूसही कोणी म्हणणार नाही. पोलीस आणि कोर्टाचे हेलपाटे मागे लागतील या धास्तीनेही अनेक जण थांबायला कचरत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ मुळे आता सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मदतीची सक्ती न करता तिच्या आड येणारी भीती काढणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

दिवाणी आणि फौजदारी हा भेद शिवारात लवकर कळतो. शेजाऱ्याने बांध कोरला तर मोजणी मागवायची, दिवाणी दावा लावायचा. त्याच भांडणात कुणाचे डोके फुटले की प्रकरण फौजदारी होते आणि आरोपीविरुद्ध खटला सरकार चालवते. दिवाणीत ज्याची बाजू अधिक संभाव्य तो जिंकतो. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. बहुतेक गंभीर गुन्ह्यांत हेतूही पाहिला जातो. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा मानले जात नाही. कायदा माहीत नव्हता ही सबब मात्र चालत नाही.

कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व आज संविधानाच्या कलम १४ मध्ये आहे. पेशवाईत असे कलम नव्हते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे तेव्हा न्यायाधीश होते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी सत्ता हाती घेतलेल्या राघोबांनाच दोषी धरले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. शिक्षा अमलात आली नाही. न्यायाधीशाची नीती म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगला दाखला मराठी मुलखात क्वचित सापडेल.

समाजाची नीती नेहमीच बरोबर असते असे नाही. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणाऱ्या पंचांना आपण जातीची शिस्त राखतो असेच वाटत असते. पण त्या घरच्यांशी बोलणे, लग्नकार्य, मर्तिकाला खांदा, सगळे थांबते. जातपंचायतींच्या या जाचाविरुद्ध साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोहीम चालवली. राज्याचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. इथे कायद्याने रूढीला हटकले आणि ते योग्यच झाले.

शिक्षा कशासाठी, हा दोन्हींना जोडणारा प्रश्न. जरब बसावी, समाज सुरक्षित राहावा, गुन्हेगार सुधारावा अशी उत्तरे दिली जातात. सुधारणेचा धाडसी प्रयोग औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे केला. तो भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. उंच तटबंदीऐवजी विश्वासावर चालणाऱ्या या खुल्या वसाहतीत बंदी शेती करतात आणि कुटुंबासह राहू शकतात. चांगली वर्तणूक दिसलेल्या बंद्यांचीच तिथे निवड होते.