ड्युअल बूटची पार्श्वभूमी: बूट सेक्टरपासून सहीपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे चांगले चालते मशीन हाताशी असलेले लोक नागपुरात बर्डीवरच्या दुकानात जाऊन जुनीच मागणी पुन्हा करतात: विंडोज राहू द्या, बाजूला लिनक्स टाकून द्या, म्हणजे ड्युअल बूट करून द्या. दुकानदार "टाकून देतो" म्हणतो आणि लगेच जोडतो, "पण डेटाची जबाबदारी आमची नाही." हे दुसरे वाक्य कुठून आले, त्याचे हे टिपण. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, कसे पाडायचे किंवा कोणते लिनक्स निवडायचे, ते यात नाही.

पीसीच्या आखणीत दुसऱ्या सिस्टिमला मुळात जागा होती, हे सहसा विसरले जाते. १९८१ साली पहिला पीसी आला तेव्हा त्यासाठी तीन ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर झाल्या होत्या. डॉस ४० डॉलरला होती. सीपी/एम-८६ उशिरा आली आणि २४० डॉलरला आली. स्पर्धा तिथेच आटोपली. १९८३ मध्ये हार्ड डिस्क असलेला पीसी आणि डॉस २.० आले, तेव्हा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये ६४ बाइट्सचा एक तक्ता ठेवला गेला, प्रत्येकी १६ बाइट्सच्या चार नोंदींचा. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या सिस्टिम नांदाव्यात हाच त्यामागचा विचार. उरलेल्या जागेत मात्र सिस्टिम सुरू करून देणारा एकच छोटा प्रोग्राम मावत असे, आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच असलेला सुरुवातीचा प्रोग्राम, डोळे मिटून तो चालवायचा. तो कोणी लिहिला याची चौकशी करण्याची सोयच नव्हती. जो सगळ्यांत शेवटी लिहील त्याचे राज्य.

विंडोजच्या इन्स्टॉलरने या नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. तो प्रोग्राम न विचारता पुसून तिथे स्वतःचा लिहिला जायचा. लिनक्सकडे तिथे लिहायला स्वतःचा प्रोग्राम होता, १९९२ पासून लिलो, पुढे १९९५ मध्ये सुरू झालेला ग्रब आला. दोघेही मेनू दाखवत आणि त्यात विंडोजलाही जागा देत. म्हणून सगळीकडे एकच पाठ: आधी विंडोज, मग लिनक्स. उलटे केले की लिनक्स डिस्कवर असूनही दिसेनासे व्हायचे आणि घरचे लोक समजायचे की ते उडाले. लिलो सुरू होताना स्वतःच्या नावाची चार इंग्रजी अक्षरे एकेक करून छापायचा, जितकी उमटली तितके काम झाले. "एल-आय"वर अडकला तर समजायचे की दुसरा टप्पा सापडला पण चालला नाही. ही माहिती तेव्हा तोंडपाठ असावी लागे, कारण ती शोधायला दुसरा संगणक घरात नसायचा.

नागपुरात हे प्रकरण घरांत पोचले ते १९९८ ते २००८ च्या दरम्यान, आणि मला नीट ठाऊक असलेला काळ तोच. असेंबल केलेला पीसी, पुढेपुढे ४० जीबीची डिस्क, तिचे सी, डी, ई असे तीन भाग, आणि विंडोजची कॉपी. काही बिघडले की औषध एकच, फॉरमॅट मारणे. या वातावरणात लिनक्स आले ते इंग्रजी संगणक मासिकांबरोबर फुकट मिळणाऱ्या सीड्यांतून. हिंगणा रोड आणि काटोल रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या विषयाला शेल स्क्रिप्ट लिहाव्या लागत, तर सी शिकवले जाई मूळच्या डॉसवरच्या टर्बो सीमध्ये. म्हणजे अभ्यासक्रमच ड्युअल बूट होता म्हणा. पोरांनी मशीनही तसेच करून घेतले.

पण लिनक्समधून इंटरनेटला जायचे तर डायल-अपचा इंटरनल मोडेम आडवा यायचा. स्वस्त मोडेमचे निम्मे काम विंडोजचा ड्रायव्हर करी, त्यामुळे लिनक्सला ते मोडेम म्हणून ओळखूच येत नसत. अडचण लिनक्समध्ये यायची, उत्तर विंडोजमध्ये जाऊन शोधायचे, कागदावर उतरवायचे आणि रीस्टार्ट. २००५ नंतर २५६ केबीपीएसचे ब्रॉडबँड आले, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत. हिशेब केला तर ७०० एमबीच्या सीडीला त्या वेगाने सहा तासांहून थोडे जास्तच लागतात. त्यात मध्येच लाइन गेली की सकाळी अर्धवट फाइल हाती. म्हणूनच उबुंटूच्या फुकट छापील सीड्या परदेशातून टपालाने यायच्या, त्याचे अप्रूप होते. ती सोय २०११ मध्ये बंद झाली.

विंडोज काढून टाकावी असे मात्र फारच थोड्यांना वाटले. टॅली तिच्यावर, गेम तिच्यावर. लग्नपत्रिका आणि पत्रके करणाऱ्या डीटीपीवाल्यांचे मराठी फाँट युनिकोडच्या आधीचे, तेही तिच्यावरच. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली सुरू झाले आणि ज्यांना सरकारी नोकरी हवी त्यांच्यासाठी संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के झाले. शिवाय लिनक्सला विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर भरवशाने लिहिता येऊ लागले ते २००७ च्या सुमारास. तोवर फाइल इकडून तिकडे न्यायची तर मध्ये फॅट३२ या दोघांनाही चालणाऱ्या जुन्या पद्धतीचा एक भाग ठेवावा लागे. त्यात विदर्भातले लोडशेडिंग. पार्टिशनचा आकार बदलताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली, की डिस्कवरचे काय वाचले ते नशीब.

एक गंमत अजून चालू आहे. लिनक्स मदरबोर्डवरचे घड्याळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरते, विंडोज ते स्थानिक वेळ धरते. भारतात त्यामुळे फरक पडतो बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये आले की सकाळचे १० वाजता कोपऱ्यात पहाटेचे ४:३० दिसतात, आणि मशीनचा सेल बदलायला लोक दुकानात जातात.

पुढे ब्रँडेड लॅपटॉप आले आणि चार नोंदींचा तो १९८३ चा तक्ता वेगळ्याच रीतीने नडला. विंडोज ७ च्या दिवसांत काही लॅपटॉप चारही नोंदी भरून विकले जात: सिस्टिम, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि बनवणाऱ्याची अवजारे. पाचवे पार्टिशन पाडायला गेले की विंडोज "डायनॅमिक डिस्क" करू का विचारायची, लोक "ओके" दाबायचे आणि मग लिनक्सचा इन्स्टॉलर हात वर करायचा. जीपीटी या नव्या तक्त्याने ही मर्यादा उठवली. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयने प्रत्येक सिस्टिमला एकाच छोट्या भागात आपापला फोल्डर दिला, म्हणजे एकमेकांचे पुसून लिहिण्याची गरजच संपली. ड्युअल बूटसाठी इतकी चांगली व्यवस्था आधी कधीच नव्हती. आणि नेमक्या याच व्यवस्थेत सिक्युअर बूट आले.

यंत्रणा समजायला सोपी आहे. मशीन सुरू झाले की फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचे ते यूईएफआय, पहिल्या प्रोग्रामची सही तपासते. सही आपल्याकडच्या किल्लीशी जुळली तरच तो चालवते. बायोसला जी चौकशी जमत नव्हती ती आता सक्तीची झाली. धोका खोटा नव्हता. बूट होतानाच आत शिरून सिस्टिमखाली लपणारे व्हायरस तेव्हा खरोखर फिरत होते. वाद होता तो किल्ल्या कोणाच्या, यावर. सप्टेंबर २०११ मध्ये स्पष्ट झाले की विंडोज ८ चा शिक्का हवा असलेल्या प्रत्येक मशीनवर सिक्युअर बूट चालू अवस्थेत द्यावे लागेल. विंडोजची किल्ली अर्थातच सगळ्या मशीनांत असणार. बाकीच्यांची का ठेवावी, असे मशीन बनवणाऱ्याला विचारले तर त्याच्याकडे काही कारण नव्हते.

काही महिने गदारोळ झाला. २०११ संपता संपता नियम आले, आणि त्यांत दोन वेगवेगळी वाक्ये होती. नेहमीच्या इंटेल-एएमडी पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आले पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या घालता आल्या पाहिजेत. एआरएम, म्हणजे मोबाइलसारख्या प्रोसेसरच्या मशीनवर ते बंद करता येता कामा नये. बहुतेकांनी पहिले वाक्य वाचून सुटकेचा श्वास टाकला. मला दुसरे जास्त बोलके वाटते: जिथे ओरडणारे जुने ग्राहक नव्हते, तिथे काय करायचे हे आधीच ठरलेले होते.

लिनक्सवाल्यांसमोर तीन वाटा होत्या. वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन बंद कर म्हणायचे. जगातल्या प्रत्येक मशीन कंपनीला आपली किल्ली घालायला पटवायचे. किंवा विंडोजच्याच मालकाकडून सही घ्यायची. लिनक्सच्या तयार आवृत्त्या देणाऱ्या मोठ्या वितरणांनी तिसरी निवडली. ९९ डॉलर भरून खाते उघडायचे आणि शिम नावाच्या एका लहानशा प्रोग्रामवर सही मिळवायची. फर्मवेअर शिमला ओळखते, शिम आपल्या पोटातल्या किल्लीने ग्रबला ओळखतो, ग्रब पुढे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला. यावर बरीच टीका झाली, शरणागतीपासून पुढे सगळे शब्द वापरले गेले. पण पहिली वाट कशी होती ते दुकानात विचारा. प्रत्येक कंपनीचा मेनू वेगळा. काही लॅपटॉपवर तर आधी सुपरवायझर पासवर्ड घातल्याशिवाय सिक्युअर बूटची ओळ बदलताच येत नाही. दुकानातला पोरगा पासवर्ड घालतो, मालकाला सांगायचे राहते, आणि दोन वर्षांनी तेच मशीन दुसऱ्या दुकानात कुलूपबंद होऊन पोचते. नवख्या माणसाचे लिनक्स पेन ड्राइव्हवरून सरळ सुरू व्हावे ही अट मान्य केली, तर शिमशिवाय दुसरे उत्तर मला दिसत नाही. किंमत एवढीच, की मेनूत बसण्याचा परवाना आता शेजाऱ्याकडून घ्यावा लागतो.

२०१३ मध्ये स्पेनमधल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका संघटनेने युरोपीय आयोगाकडे सिक्युअर बूटविरुद्ध तक्रार नेली. २०१५ मध्ये विंडोज १० च्या नियमांत ते बंद करण्याचे बटण ठेवणे मशीन कंपनीच्या मर्जीवर सोडले गेले, आणि या वेळी गदारोळ बराच कमी होता. बहुतेक कंपन्यांनी ते आजवर ठेवले आहे, हेही सांगायला हवे.

दरम्यान दुसरी सिस्टिम वापरण्याच्या इतर वाटा रुंद झाल्या. व्हर्च्युअल मशीन होतेच; २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्सची कमांड लाइन मिळू लागली, आणि ज्यांना फक्त प्रॅक्टिकल करायचे होते त्यांची डिस्क फोडायची गरज संपली. उरले ते जुन्या मशीनवाले आणि हौशी.

त्यांना पुढचा धक्का बसला तो लिनक्सच्याच बाजूच्या चुकीतून. २०२० मध्ये ग्रबमध्ये मोठे भगदाड सापडले, म्हणजे सही असलेला ग्रब वापरूनच सिक्युअर बूट ओलांडता येत होते. प्रत्येक सदोष प्रत एकेक करून रद्द करायला मदरबोर्डवरची जागा तोकडी, म्हणून पिढीचे आकडे ठरवून जुन्या पिढ्या एकदम नाकारण्याची पद्धत आली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ती लागू केली. ड्युअल बूट असलेली मशीन वगळायची असे ठरले होते, पण ती ओळखण्यात गफलत झाली आणि अनेकांचे लिनक्स "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" एवढे छापून बंद पडू लागले. दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली, नऊ महिन्यांनी. मधल्या काळात दिलेला सल्ला होता सिक्युअर बूट बंद करा. ज्यांच्या विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, होते त्यांनी तो पाळला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागायची, आणि ती कुठे ठेवली आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

या सगळ्या सह्या ज्या २०११ च्या प्रमाणपत्रांवर उभ्या आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते. मुदत संपली म्हणून चालू असलेले लिनक्स बंद पडत नाही, कारण फर्मवेअर सहसा ती तारीख पाहत नाही. पण नवे शिम २०२३ च्या प्रमाणपत्राखाली सही होऊन येणार. जुन्या मशीनमध्ये हे प्रमाणपत्र पोचते ते मुख्यतः विंडोजच्या नाहीतर फर्मवेअरच्या अपडेटने, आणि दुकानांत लिनक्स टाकायला येणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपना फर्मवेअरचे अपडेट मिळणे केव्हाच थांबले आहे. पेन ड्राइव्ह लावण्याआधी अशा मशीनवर सिक्युअर बूट बंद करण्याची ओळ सेटिंगमध्ये आहे का, आणि बिटलॉकर चालू आहे का, हे पाहून घेतलेले बरे.