आधी डॉक्टर, मग आशाताई: आरोग्य मनुष्यबळाच्या नियोजनाचा मागचा प्रवास

नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रातून लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका लसीचा डबा खांद्याला अडकवून निघते. सोबत आशाताई असते, तिच्या वहीत कोणत्या घरी किती महिन्यांचं बाळ आहे ते लिहिलेलं. ही दोन पदं एका आराखड्यातून आलेली नाहीत, आणि आजच्या अडचणींचं मूळ मला तिथेच दिसतं.

आराखडा मात्र होता. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सुचवायला 1943 मध्ये नेमलेल्या भोर समितीने 1946 च्या अहवालात काही दशकांचं नियोजन मांडलं. 40,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका, सुईणी, आरोग्य निरीक्षक. कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करून सगळीकडे पदवीधर डॉक्टरच असावा, हीही शिफारस होती. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, नागपूरचं ‘मेडिकल’, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं. डॉक्टर घडू लागले, पण गावात फिरणारा कर्मचारी मागेच राहिला. तो आला रोगागणिक: हिवतापाचा वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा आणखी वेगळा. एकाच दारात तिघे जात. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने त्यांना एकत्र करून ‘बहुउद्देशीय’ कर्मचारी सुचवला.

विदर्भाचा वाटा इथे सांगायलाच हवा. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं. नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, ते निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हे काम देशभरातल्या आशांकडे आलं.

आशा 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. तिला स्वयंसेविका म्हटलं गेलं, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. कोविडमध्ये दारोदारच्या सर्वेक्षणाचा भार तिच्यावरच पडला.

तमिळनाडूने सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग, म्हणजे त्याच कामासाठीच्या अधिकाऱ्यांची वेगळी सेवा, पूर्वीपासून जपला. बाकी राज्यांनीही तो उभारावा, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितलं, आणि त्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने 2022 मध्ये काढली. त्यात साथरोग, व्यवस्थापन आणि प्रतिबंध यांत तयार झालेल्या माणसांसाठी तालुक्यापासून वरपर्यंत बढतीची वाट आहे. आशाताई या संवर्गात मोडत नाही.