सिंथ यूएसबीला लावला की ची-ची का ऐकू येते?

नागपुरात मे महिन्यात घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी कूलर बंद करा, मग घाम पुसत बसा, आणि एवढं करूनही हेडफोनमध्ये बारीक ची-ची येतेच. सिंथची, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याची, यूएसबी वायर उपसली की एकदम गप्प! मग लोक वायरलाच शिव्या देतात, पण वायर बहुतेक वेळा ठीकच असते.

होतं काय, की सिंथ कॉम्प्युटरला दोनदा जोडलेला असतो, एकदा यूएसबीने आणि दुसऱ्यांदा ऑडिओ केबलने इंटरफेसमधून (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा). दोन्हीकडचे ग्राउंड मिळून एक गोल वाट तयार होते, तिलाच ग्राउंड लूप म्हणतात, आणि कॉम्प्युटरमधला खरखरीत करंट थोडा थोडा ऑडिओ केबलच्या शील्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, फिरायला लागतो, इंटरफेसला वाटतं हाच आवाज. यूएसबीचा साधा डेटा सेकंदाला 1000 फ्रेममध्ये जातो, हाय स्पीडमध्ये 8000, त्यामुळे शिट्टी बरेचदा 1 किंवा 8 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमकी कानाला टोचेल अशी. जाड घूं असेल तर ती 50 हर्ट्झची मेन्सची, ते प्रकरण वेगळं.

गंमत म्हणजे 1983 च्या मिडीमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीत, हे आधीच सोडवलं होतं. पाच पिनवाल्या जुन्या केबलच्या दुसऱ्या टोकाला ऑप्टोकपलर असतो, सिग्नल प्रकाशातून पलीकडे जातो, करंटची वाट तुटलेली. स्पीड मात्र सेकंदाला 31,250 बिट, आणि त्यातून आवाज जातच नाही, कोणती की किती जोरात दाबली एवढंच जातं. म्हणून नोट्स पाच पिनने आणि आवाज ऑडिओ केबलने घ्या, सगळ्यात स्वस्त इलाज. यूएसबीमधली करंटची वाट तोडणारा यूएसबी आयसोलेटरही मिळतो, पण स्वस्तातला बहुतेक सेकंदाला 12 मेगाबिटचा असतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचे 10 ट्रॅकच 11.52 मेगाबिट खातात, तिथे तो झोपलाच. आणि प्लगची अर्थिंगची पिन तोडून शिट्टी घालवणारे महाभाग आहेत, तसं अजिबात करू नका भाऊ, शॉक लागेल.

आवाजच यूएसबीने घेतला, जसं एलेक्ट्रॉन कंपनीच्या ओव्हरब्रिज सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅक वेगळा मिळतो, तर ऑडिओ केबलच लागत नाही, लूप संपला. फक्त दोन-तीन यूएसबी बॉक्स एकत्र लावले की प्रत्येकाचा क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ, आपल्या चालीने चालतो, 50 पीपीएमचा (दहा लाखात 50) फरक असला तरी तासाभरात 0.18 सेकंद मागेपुढे होतात. मॅकमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस (सगळे बॉक्स मिळून एक) बनवून ड्रिफ्ट करेक्शन टिक करता येतं, विंडोजमध्ये एएसआयओ हा ऑडिओ ड्रायव्हर साधारण एकच डिव्हाइस घेतो, तिथे मग एकेक सिंथ पाळीपाळीने रेकॉर्ड करा.